जुनं पॅराशूट घेताना आधी रिगर, मग पैसे

भाच्याने पाठवलेल्या, स्कायडायव्हिंगच्या जुन्या संचाच्या जाहिरातीतले सगळे फोटो आकाशातले होते. पिवळी-काळी कॅनॉपी, म्हणजे पॅराशूटचं उघडलेलं छत, खाली समुद्र, ऊन. सोबत मेसेज: "मामा, पूर्ण सेट आहे, नव्याच्या अर्ध्या किमतीत. आज ॲडव्हान्स दिला तर दुसऱ्या कुणाला देणार नाही म्हणतोय."

मी त्याला उलट लिहिलं की, एकही पैसा पाठवू नकोस, आधी लेबलांचे फोटो माग. मेनचं (मुख्य पॅराशूट), रिझर्व्हचं (ते दगा देईल तेव्हाचं दुसरं) आणि हार्नेसचं (अंगावर बांधायचे पट्टे) लेबल, रिझर्व्ह आपोआप उघडणाऱ्या एएडीचा अनुक्रमांक, रिझर्व्ह कधी नि कुणी बांधलं याची नोंद असलेल्या पॅकिंग कार्डाच्या दोन्ही बाजू. आणि एका कागदावर स्वतःचं नाव नि आजची तारीख लिहून, तो कागद कंटेनरवर, म्हणजे पॅराशूटं ठेवायच्या पाठीवरच्या पिशवीवर, ठेवून काढलेला एक फोटो. आकाशातले फोटो कुणाचेही उचलता येतात. आजच्या तारखेचा कागद ठेवायला वस्तू हातात असावी लागते.

ताईचा फोंड्याहून फोन आला, "तू त्याला नको म्हण." मी नको म्हणणार नव्हतो. त्याचा कोर्स पूर्ण झालाय, परवाना मिळालाय, आणि दर वेळी भाड्याच्या, दुसऱ्याच्या मापाच्या हार्नेसमध्ये उडी मारण्यापेक्षा स्वतःचा, ओळखीचा संच असणं चांगलंच. नवा पूर्ण संच सात-आठ हजार डॉलरच्या घरात जातो. पंचविशीतल्या मुलाला तो परवडत नाही, म्हणून जुना घ्यायचा. जगभरातले बहुतेक स्कायडायव्हर पहिला संच जुनाच घेतात. मीही जुनाच घेतला आणि अजून त्यावरच उडतो.

फक्त तो घेण्याची एक रीत आहे, आणि मला ती मनापासून महत्त्वाची वाटते. कारण माझा धंदाच तो आहे. मी वास्कोत जहाजांवरच्या लाइफराफ्टची, म्हणजे जीव वाचवणाऱ्या फुगत्या तराफ्यांची, सर्व्हिसिंग करतो. राफ्ट पांढऱ्या फायबरच्या डब्यात बंद असतो. जहाजावर कुणी तो उघडत नाही, उघडायचाही नसतो. सोलास या जहाजांच्या सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियमाप्रमाणे १२ महिन्यांनी तो आमच्याकडे येतो, आम्ही तो फुगवतो, शिवण न् शिवण बघतो, तारखा उलटलेल्या वस्तू बदलतो. डबा बाहेरून चकाचक असला तरी आतल्या कापडाचं काय झालंय ते उघडल्याशिवाय कळत नाही. जहाज बुडालं तर चार मीटर खोलीच्या आतच पाण्याच्या दाबाने एक छोटं यंत्र सुटतं आणि राफ्ट मोकळा करतं. ते यंत्र जुनं झालेलं असेल तर बाकी सगळं धडधाकट असून उपयोग नाही. रिझर्व्ह पॅराशूट आणि त्याच्याजवळचं एएडी माझ्या मनात नेहमी याच डब्याशेजारी येऊन बसतं.

एएडी म्हणजे उडी मारणारा बेशुद्ध पडला किंवा त्याला उंचीचं भान राहिलं नाही, तर आपोआप रिझर्व्ह उघडणारं उपकरण. जर्मनीच्या एअरटेक कंपनीने १९९१ मध्ये सायप्रेस नावाचं एएडी आणलं आणि या खेळातल्या मृत्यूंचं एक मोठं कारण आटोक्यात आलं. त्याचा एक्सपर्ट प्रकार हवेच्या दाबावरून उंची आणि वेग मोजत राहतो. जमिनीपासून सुमारे २२५ मीटरवर अजून सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त वेगाने पडत असाल, तर एक बारीक पातं रिझर्व्हचा क्लोजिंग लूप, म्हणजे त्याला बंद ठेवणारा दोरीचा फास, कापतं. पोट खाली करून पडणाऱ्या माणसाचा वेग सेकंदाला ५० मीटरच्या पुढे असतो, म्हणजे त्या उंचीवर हातात चारेक सेकंद असतात. अशा उपकरणाच्या बाबतीत 'चालू आहे' हे विकणाऱ्याचं वाक्य मला पुरत नाही, मला तारीख हवी. जुन्या सायप्रेस २ चं आयुष्य १२.५ वर्षं आणि मधे चौथ्या नि आठव्या वर्षी कारखान्यात तपासणी. नंतरच्यांचं १५.५ वर्षं, तपासणी पाचव्या नि दहाव्या वर्षी सुचवलेली. आयुष्य संपलं की ते टाकून द्यायचं. म्हणून किंमतही तशीच धरायची: १२.५ पैकी अडीच वर्षं उरली असतील तर नव्याच्या पाचव्या हिश्शाच्या वर देऊ नये, आणि एखादी सर्व्हिस चुकली असेल तर तो खर्च त्यातून वजा. जाहिरातीत 'एएडीसह' एवढंच लिहून लोक हजार डॉलर वाढवतात. ते मला मुळीच पटत नाही.

मग पॅकिंग कार्ड. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे रिझर्व्ह दर १८० दिवसांनी रिगरने, म्हणजे पॅराशूट तपासून बांधणाऱ्या परवानाधारक कारागिराने, उघडून, तपासून पुन्हा बांधायचं असतं. २००८ पर्यंत ही मुदत १२० दिवसांची होती. बांधून झालं की लाल दोरा आणि शिशाचा शिक्का, शिक्क्यावर त्या रिगरची खूण, कार्डावर तारीख आणि सही. कार्ड वाचताना मी दोन गोष्टी पाहतो. तारखांमध्ये मोठी भोकं आहेत का? चार-पाच वर्षं संच कुणी उघडलाच नसेल तर तो त्या काळात कुठे पडून होता हे विचारायचं. कोरड्या कपाटात होता की पत्र्याच्या शेडमध्ये, याने फार फरक पडतो. दुसरं, रिझर्व्ह किती वेळा वापरलं गेलंय? परफॉर्मन्स डिझाइन्स या कंपनीच्या रिझर्व्हवर तर प्रत्येक पॅकिंगला आणि प्रत्येक वापराला खूण करायची चौकटच छापलेली असते. ४० पॅकिंग किंवा २५ वापर झाले की ते कंपनीकडे तपासणीला पाठवायचं.

फोटोतून कळतं ते एवढंच. पुढचं सगळं हाताने, आणि तेही ज्याला कळतं त्याच्या हाताने.

सगळ्यात जास्त फसवतात त्या लाइन्स, म्हणजे कॅनॉपीच्या दोऱ्या. कापड नवं दिसतं, रंग टवटवीत असतो, नि दोऱ्या आपलं माप सोडून बसलेल्या असतात. बऱ्याच मेनच्या लाइन्स स्पेक्ट्रा नावाच्या धाग्याच्या असतात. बारीक, मजबूत, पण उष्णतेने आकसणाऱ्या. कॅनॉपी उघडताना स्लायडर, म्हणजे लाइन्स ओवलेला कापडाचा चौकोन, जोरात घासत खाली येतो, त्या घर्षणाने लाइन्स तापतात आणि प्रत्येक उडीला थोड्या थोड्या आखूड होत जातात. सगळ्या सारख्या आकसल्या असत्या तर एक वेळ चाललं असतं. पण बाहेरच्या लाइन्सना, त्यातही हाताने ओढायच्या ब्रेकच्या लाइन्सना, घर्षण जास्त. त्या जास्त आकसतात. मग हात पूर्ण वर सोडले तरी कॅनॉपीची मागची कड खाली ओढलेलीच राहते. कॅनॉपी उघडताना एका बाजूला वळते, उतरताना हवा तसा फ्लेअर, म्हणजे ब्रेक ओढून वेग मोडणं, मिळत नाही. नवशिका म्हणतो, मला उतरायला जमत नाही. दोष त्याचा नसतोच. वेक्ट्रान आणि एचएमए या धाग्यांच्या लाइन्स अशा आकसत नाहीत, पण त्या झिजतात आणि फारशी सूचना न देता तुटतात, त्यामुळे तिथे धाग्याची लव नीट पाहावी लागते. रिगर लाइन्स ताणून कंपनीच्या ट्रिम चार्टशी, म्हणजे लाइन्सच्या मापांच्या तक्त्याशी, जुळवतो, डावी-उजवी शेजारी धरतो. हे काम मी त्याच्या बाजूला उभा राहून बघितलंय आणि प्रत्येक खरेदीदाराने एकदा बघावं असं मला वाटतं. नवा लाइन सेट काही शे डॉलरला पडतो. तो खर्च आधी कळला तर किमतीत धरता येतो.

पायलट शूटमध्ये हाच घोळ आणखी लपलेला असतो. पाठीखालच्या खिशातून काढून वाऱ्यात सोडायची ती छोटी छत्री. ती वारा धरते, कंटेनर बंद ठेवणारी पिन ओढते, मेनची बॅग बाहेर काढते. मेन उघडली की ती मिटावी म्हणून तिच्यातून किल लाइन जाते. तीही स्पेक्ट्राची असली की आकसते, आणि पुरेशी आकसली की छत्री कधी पूर्ण फुलतच नाही. पिन ओढायचा जोर कमी पडतो. या छत्रीला मेनच्या बॅगेशी जोडणाऱ्या पट्टीला, ब्रायडलला, एक छोटी खिडकी असते. पायलट शूट कॉक केल्यावर, म्हणजे किल लाइन ओढून फुलण्यासाठी तयार केल्यावर, तिच्यात किल लाइनचा रंगीत भाग दिसायला हवा. तो दिसत नसेल तर उडी मारायची नाही, एवढं साधं आहे ते.

मग रायझरवरच्या, म्हणजे हार्नेसला लाइन्सशी जोडणाऱ्या पट्ट्यांवरच्या, तीन कड्या, हँडल, पिवळी केबल. बिल बूथने सत्तरच्या दशकात काढलेली ही थ्री-रिंग युक्ती मला अजून थक्क करते. माणसाचं सगळं वजन लटकलेलं असताना एका हाताच्या ओढीने मेन सुटते. पण केबलला मळ चिकटला असेल, पट्ट्याला एकाच घडीची सवय झाली असेल, तर ओढ जड होते. म्हणून महिन्याला ती सोडवायची, पट्टा हाताने मळायचा, केबल पुसायची. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी कड्यांवर तांबूस ठिपके शोधावेत, आणि कड्यांखालच्या पट्ट्यावर गंजाचा डाग असेल तर तो रिगरला दाखवावा.

रिझर्व्ह आपण उघडायचं नाहीच. पण रिगर ते उघडतो तेव्हा काय बघतो, हे माहीत असावं. रिपकॉर्डची, म्हणजे रिझर्व्ह उघडायच्या केबलची, ओढ काट्याला लावून मोजतात, ती २२ पौंडांच्या, म्हणजे साधारण १० किलोच्या, वर जाऊन चालत नाही. कापडातून हवा किती जाते, शिवणी, डाग, लाइन्सच्या गाठी. लोक मला म्हणतात, "रिझर्व्ह तर एकदाही वापरलेलं नाही, नवंच की." त्यांना मी १९८० च्या दशकातली गोष्ट सांगतो. तेव्हाच्या काही गोल रिझर्व्हमध्ये वापरलेल्या जाळीत आम्ल राहून गेलं होतं. ती जाळी घडीत शेजारच्या नायलॉनला टेकून राहायची आणि ते कापड हळूहळू कमजोर करायची. दिसायला कापड उत्तम. ओढलं की फाटायचं. रिगर जाळीला ब्रोमोक्रेसॉल ग्रीन लावून पाहत. ते पिवळं पडलं की आम्ल आहे. शिवाय कापड चिमट्यात धरून ठरलेल्या वजनाने ताणत. त्यातली बरीचशी पॅराशूटं एकदाही उघडलेली नव्हती.

आम्लाचा विषय गोव्यातल्या घरात फार जवळचा आहे. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते म्हणून घराघरात इन्व्हर्टर, आणि त्याची बॅटरी नेमकी सामानाच्या खोलीत. बॅटरीतलं गंधकाम्ल नायलॉन खाऊन टाकतं. संच त्या खोलीत ठेवू नका. गाडीच्या डिकीतही बॅटरी किंवा तिचे डाग असतील तर नको. ऊन नायलॉनला कमजोर करतं, खाऱ्या पाण्याचे स्फटिक घडीत घासत राहतात, आणि जून ते सप्टेंबर आमच्या भिंतींनाच बुरशी येते. माझा संच माळ्यावर नसतो. आतल्या खोलीतल्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट असतो, आणि पावसाळ्यात उघडीप मिळाली की सावलीत, पंख्याखाली वारा घेतो.

हरमल-केरीच्या पठारावर पॅराग्लायडिंग करणाऱ्या एका ओळखीच्याने भाच्याला आपलं जुनं इमर्जन्सी पॅराशूट देऊ केलं होतं. मनाने चांगला माणूस, पण ते स्कायडायव्हिंगला चालत नाही. ते मुक्त पतनाच्या वेगात उघडायला बनवलेलंच नसतं. घरच्यांनाही हा फरक माहीत नसतो, त्यांना कांदोळीच्या किनाऱ्यावरचं बोटीमागचं पॅरासेलिंग आठवतं. ताईला निदान स्कायडायव्हर शीतल महाजन ठाऊक आहे. २०१८ मध्ये तिने थायलंडला नऊवारी नेसून उडी मारली, तो व्हिडिओ ताईनेच मला पाठवला होता. मी तो बघताना आधी हँडल मोकळी आहेत ना तेच पाहिलं.

व्यवहार आम्ही असा ठरवला. भाचा थायलंडला ज्या ड्रॉपझोनवर, म्हणजे स्कायडायव्हिंगच्या केंद्रावर, उड्या मारतो, तिथल्या रिगरबाईंकडे विकणाऱ्याने संच पाठवायचा. रिगर आपण निवडायचा, विकणाऱ्याचा मित्र नको. पैसे ड्रॉपझोनच्या ऑफिसात जमा राहतील, आणि बाईंचा लेखी अहवाल आल्यावरच पुढे जातील. तपासणीची फी भाचा देईल, संच घेतला तरी आणि नाही घेतला तरी. विकणारा दोन दिवस कुरकुरला, मग तयार झाला. तो तयार झाला नसता तर मी भाच्याला तिथेच थांबवलं असतं.

चवथीला भाचा घरी आला होता तेव्हाच अहवाल आला. रिझर्व्ह उत्तम. दोन्ही ब्रेक लाइन्स आखूड, किल लाइन आखूड, क्लोजिंग लूप बदलला. कॅनॉपी १९० चौरस फुटांची. सामानासकट भाच्याचं वजन ८० किलो, म्हणजे १७६ पौंड, चौरस फुटाला एक पौंडाच्या आत, त्याच्या अनुभवाला योग्य. एएडीचं दीड वर्ष शिल्लक. विकणाऱ्याने लाइन्सचे पैसे किमतीतून वजा केले, एएडीवर मात्र अडून बसलाय. मी भाच्याला म्हटलं, त्याचं एएडी त्यालाच ठेवू दे, आपण नवं घेऊ. त्यासाठी हजार डॉलरच्या वर जातील, ते मी देतो, तू हळूहळू फेड.

हार्नेस त्याला लांब पडेल की काय, ही शंका बाईंनी लिहिली आहे. त्यांना गळ्याखालच्या खड्ड्यापासून जांघेपर्यंतचं माप हवंय. ताईने शिवणकामाची टेप काढली, त्याला ताठ उभं केलं आणि दोनदा मोजून मला आकडा सांगितला. तो मी पाठवलाय. उत्तर आलं की ठरेल.