आधी तीनच घ्या

आमची मुलगी अडीच महिन्यांची असताना तिच्या जांघेत पुरळ उठलं. डॉक्टर म्हणाले, त्वचा कोरडी ठेवा, दर थोड्या वेळाने डायपर बदला. म्हणून मी दिवसा तिला साधे सुती लंगोट बांधायला लागले आणि आठवड्याभरात पुरळ ओसरलं. तेव्हा मी सगळं श्रेय कापडाला दिलं होतं. आज तसं म्हणणार नाही. ओला लंगोट हाताला लगेच कळतो, म्हणून आपण तो लगेच बदलतो. खरा फरक त्या बदलण्याने पडला होता. कापडी डायपर शिवून विकण्याच्या आमच्या कामाची सुरुवात मात्र त्याच पुरळाने झाली.

लंगोटाने बाळ सुखी होतं, पण दुपटं, गादी, माझे कपडे सगळं ओलं. वरून काहीतरी पाणी अडवणारं हवं होतं. शिवणयंत्र घरात होतंच. पीयूएल नावाचं कापड मिळवलं : एका बाजूने पॉलिस्टर, दुसऱ्या बाजूने पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा. पहिली चार कव्हरं शिवली आणि चारही शिवणीतून गळली. मी नेहमीच्या सवयीने सुती दोरा वापरला होता. सुती दोरा वातीसारखं पाणी ओढतो आणि आतली ओल बाहेर आणतो. शिवाय कापड धरायला टाचण्या लावल्या होत्या, त्यांची भोकं वेगळीच. पॉलिस्टरचा दोरा घेतला, टाचण्यांऐवजी चिमटे लावले, तेव्हा कुठे पाचवं कव्हर कोरडं राहिलं. पुढे वाचलं, की मॅरियन डोनोव्हन या अमेरिकी आईने न्हाणीघराचा पडदा कापून असंच कव्हर शिवलं होतं, त्यावर टाचणीऐवजी दाबाची बटणं लावली होती आणि 1951 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं होतं. ते वाचून मला फार धीर आला.

ओळखीतल्या आयांनी मागितली म्हणून शिवत गेलो, मग नवराही कामात आला, दोन शिवणाऱ्या ताई आल्या. आणि इथे आमची मोठी चूक झाली. पॉकेट डायपरमध्ये, म्हणजे आत खिसा असलेल्या डायपरमध्ये घालायला आम्ही मायक्रोफायबरचे (अतिबारीक कृत्रिम धाग्यांच्या कापडाचे) इन्सर्ट, म्हणजे ओल शोषणाऱ्या सुट्या पट्ट्या दिल्या. स्वस्त, हलके, झटकन वाळणारे. पण मायक्रोफायबर थेट त्वचेवर ठेवायचं नसतं, ते त्वचेतला ओलावाही शोषून घेतं. आम्ही हे कागदावर लिहिलंच नव्हतं. एका आईने इन्सर्ट बाळाच्या अंगाला लागेल असा वर ठेवला आणि बाळाची त्वचा लाल झाली. त्या आईची माफी मागितली आणि आधी ज्यांनी ज्यांनी नेले होते त्या प्रत्येकीला फोन केला. दुसरी अडचणही तेव्हाच कळली : मायक्रोफायबर स्पंजासारखं असतं, बाळाला कडेवर घट्ट धरलं की दाबाने पाणी सुटतं.

त्यानंतर आम्ही नैसर्गिक धाग्यांकडे वळलो. सुती कापड पटकन शोषतं. हेम्प, म्हणजे भांगेच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचं कापड, हळू शोषतं, पण जास्त धरून ठेवतं. म्हणून वर सुती, खाली हेम्प. उलट लावलं तर तेच दोन थर गळतात. रात्रीसाठी अजूनही आम्ही हीच जोडी सुचवतो. बांबूबद्दल खूप विचारणा होते. कापड खरंच मऊ असतं, शोषतंही छान. पण बाजारात ‘बांबू’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेलं व्हिस्कोस असतं. आमच्या लेबलवर तसंच लिहिलेलं आहे.

‘नवीन आहे तरी गळतंय’ हा फोन सगळ्यात जास्त येतो. नव्या सुती आणि हेम्प कापडात नैसर्गिक तेलकटपणा असतो. पाच-सहा धुण्यांनंतर ते पूर्ण शोषायला लागतं. तोवर धीर धरा. कपडे मऊ करणारं द्रव्य घालू नका, त्याचा थर धाग्यावर बसतो. पुरळाचं जाड मलम लावलंत तर मध्ये पातळ कापडाची पट्टी ठेवा.

कुठला प्रकार घ्यावा, हे मी आता लगेच सांगत नाही. आधी विचारते : तुमच्याकडे कपडे वाळायला किती वेळ लागतो? दिवसभर बाळाला कोण बदलतं? बाळ बारीक आहे की गुटगुटीत? दमट हवेत सगळे थर एकत्र शिवलेला डायपर दुसऱ्या दिवशीही ओला राहतो. तिथे कव्हर आणि सुट्या घड्यांचा लंगोट बरा. आजी-आजोबा सांभाळत असतील तर वेल्क्रो सोपं पडतं, पण रांगणारं बाळ ते उचकटतं, मग बटणं हवीत. नवजात बाळाला ‘सगळ्या वयांसाठी’चा डायपर सहसा मोठा होतो आणि नाळेलाही घासतो. घालताना पायाचं इलॅस्टिक चड्डीसारखं जांघेच्या घडीत बसायला हवं. मांडीवर आलं की फट राहते. पोटाशी दोन बोटं जातील एवढी सैल जागा ठेवावी.

म्हणून आम्ही चोवीसचा संच आधी विकत नाही. वेगवेगळ्या प्रकारचे तीन न्या, पंधरा दिवस वापरा, मग सांगा. विक्री हळू होते, नवऱ्याशी यावरून वादही झाले. पण न वापरलेले डायपर कपाटात पडून राहणं मला सहन होत नाही. ब्रिटनमध्ये 2008 साली झालेल्या सरकारी अभ्यासात हेच दिसलं होतं : कापडी डायपरचा पर्यावरणाला खरा फायदा मशीन भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि तेच दुसऱ्या बाळालाही वापरलं तर होतो.

त्या दुसऱ्या बाळासाठी आम्ही इलॅस्टिक बदलून द्यायला लागलो. गेल्या महिन्यात एका जुन्या गिऱ्हाईक ताईंनी चौदा कव्हरं परत पाठवली. तीन कव्हरांचा पापुद्रा सुटला होता, ती बाद केली. अकरा शिवून झाली आहेत, उद्या निघतील.