ना लिली, ना ब्लॅकबेरी

फूल बघून झाडाचं नाव सांगायची आपल्याला घाई असते. नारिंगी फूल, अंगावर लाल ठिपके, सहा पाकळ्या, म्हणजे झाली लिली! नर्सरीतही हे झाड ‘ब्लॅकबेरी लिली’ म्हणूनच मिळतं. प्रत्यक्षात त्याचा लिलीशीही संबंध नाही आणि ब्लॅकबेरीशीही. ते आयरिसच्या कुळातलं आहे. केशर आणि ग्लॅडिओला ही त्याची भावंडं.

शंका असेल तर फुलात डोकवावं आणि पुंकेसर मोजावेत. लिलीत सहा असतात, इथे तीनच. मग फूल उलटं करून देठाकडे बघावं. बीजांडकोश, म्हणजे पुढे ज्याचं बोंड होतं तो भाग, पाकळ्यांच्या खाली, बाहेरच्या बाजूला दिसतो. लिलीत तो वर, फुलाच्या आत असतो. एवढ्यावर कूळ ठरतं, भिंगही लागत नाही.

फूल नसेल तेव्हा मात्र गंमत होते. पानं चपटी, तलवारीच्या पात्यासारखी, बुडाशी एकमेकांना कवेत घेऊन एकाच पातळीत दोन्हीकडे पसरलेली. आमच्या मजल्यावरची एक जण दर वेळी विचारते, “काकू, ग्लॅडिओला कधी फुलायचा हो तुमचा?” तिचं फारसं चुकत नाही, चुलतभावाच्या नावाने हाक मारतेय इतकंच. जपानी लोकांना याच पानांत पंखा दिसला. लाकडी पट्ट्यांच्या दरबारी पंख्याला ते हिओगी म्हणतात आणि या झाडालाही. क्योटोत जुलैमध्ये गिओन उत्सव भरतो, तेव्हा घराघरांत हिओगीची सजावट असते.

भल्याभल्यांना या झाडाने चकवलंय. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1753 साली एकाच ग्रंथात त्याला दोन ठिकाणी बसवलं. एका पानावर ‘इक्सिया चायनेन्सिस’, दुसऱ्या पानावर ‘एपिडेंड्रम डोमेस्टिकम’, म्हणजे चक्क ऑर्किड! त्याआधी सतराव्या शतकातच ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथात मलबारातल्या झाडांसोबत त्याची नोंद झाली होती. बेलमकांडा हे नाव तिथलं, आणि पुढे कितीतरी वर्षं शास्त्रीय नाव म्हणून तेच चाललं. आयरिसच्या तीन पाकळ्या उभ्या आणि तीन झुकलेल्या असतात, मधे कुक्षीवृंतही (स्त्रीकेसराचा दांडा) पाकळीसारखा रुंद होतो. इथे सहाही पाकळ्या जवळपास सारख्या, सपाट उघडलेल्या, आणि कुक्षीवृंत साधा. म्हणून बेलमकांडा ही आयरिसपासून वेगळी चूल. मग डीएनए तपासला, तेव्हा हे झाड आयरिसच्या ऐन घोळक्यात सापडलं. 2005 मध्ये गोल्डब्लाट आणि मॅबर्ली या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला ‘आयरिस डोमेस्टिका’ केलं. यातलं ‘डोमेस्टिका’ त्या ऑर्किड-घोळातून आलंय. चुकीच्या घरात मिळालेलं नाव बरोबर घरात आल्यावरही कायम राहिलं!

लावायला कसलीच कटकट नाही. ऊन हवं आणि पाणी साचता कामा नये. नुसत्या काळ्या मातीत आपल्या पावसात कंद कुजतो, म्हणून कुंडीत वाळू आणि विटांचा चुरा सढळ हाताने घालावा. बियांपासून केलं तर फुलं बहुधा दुसऱ्या वर्षी येतात; कंद फोडून लावला तर लवकर. कंद कापला की आतून पिवळा-नारिंगी निघतो. चिनी वैद्यकात तो घशाच्या दुखण्यावर वापरतात, पण घरी हा प्रयोग कुणी करू नये.

फूल एका दिवसाचं. सकाळी उघडतं, संध्याकाळी मिटतं, आणि मिटतं म्हणजे पिळलेल्या ओल्या फडक्यासारखा स्वतःला पीळ घालून घेतं. हा पीळ ओळखीची आणखी एक पक्की खूण. लोक फुलाचे फोटो काढतात. मला विचाराल तर फूल ही या झाडाची दुय्यम गोष्ट. हिरवी बोंडं हळूहळू कागदासारखी वाळतात, त्यांच्या तीन पाकळ्या मागे वळतात आणि मधल्या दांड्याला चिकटलेल्या काळ्याभोर, चकचकीत बियांचा घोस उघडा पडतो. नावातली ब्लॅकबेरी ती हीच. बिया गळत नाहीत, महिनोन्महिने तशाच राहतात. जपानी कवितेत रात्रीचा किंवा केसांचा काळेपणा सांगायला याच बियांचं नाव जोडायची हजार वर्षांहून जुनी रीत आहे. ते दांडे फुलदाणीत ठेवावेत, पाणी घालू नये.

आता बाजारात ‘कँडी लिली’ही येते. केंटकीतल्या सॅम्युअल नॉरिस यांनी दुपारनंतर उमलणाऱ्या आयरिस डायकोटोमाशी याचा संकर केला, त्याची ही प्रजा. पिवळी, जांभळी, गुलाबी, ठिपक्यांची, बिनठिपक्यांची. बी पेरावं आणि काय निघेल ते बघावं. मी अजून घेतलेली नाही. नर्सरीवाल्या दादांनी तिच्या कुंडीवर नुसतं ‘लिली, मिक्स’ लिहिलंय आणि भाव साध्या लिलीच्या दुप्पट लावलाय.