दारावरची झडती आणि आतला भाला

८ ऑगस्ट २०२४ची संध्याकाळ. पॅरिस ऑलिंपिकमध्ये नीरज चोप्राची भालाफेकीची अंतिम फेरी होती आणि आम्ही पॅरिसच्या उत्तरेला, सँ-दनीमधल्या स्ताद द फ्रान्ससमोर रांगेत उभे होतो. सोबत मावसभाऊ. तो पॅरिसमध्येच असतो, पेशाने वकील. रांग लांब असली की त्याला कंटाळा येत नाही, मुद्दे सुचतात.

"ताई, यादी नीट वाच," त्याने फोन पुढे केला. स्टेडियममध्ये काय आणायचं नाही त्याची यादी. काच, धारदार वस्तू, फटाके, ड्रोन, हेल्मेट. पाण्याची बाटली चालेल, पण काचेची नको आणि पाऊण लिटरपेक्षा मोठी नको. इथवर माझी काहीच तक्रार नव्हती. फ्रान्समध्ये स्टेडियमात पेटत्या नळकांड्या नेणं हा नुसता नियमभंग नाही, गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि १५,००० युरोपर्यंत दंड. धूर आणि आग काय करू शकते हे कळायला वकील लागत नाही.

शिवाय आम्ही उभे होतो ती जागाच बोलकी. १३ नोव्हेंबर २०१५ला आत फ्रान्स-जर्मनी सामना चालू असताना याच भिंतींबाहेर तीन आत्मघाती हल्लेखोरांनी स्वतःला उडवलं. ते आत पोचले असते तर काय झालं असतं, हा विचार झडतीसाठी हात वर करताना येतोच. मात्र याच मैदानाची दुसरी आठवणही आहे. मे २०२२मध्ये फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याला लिव्हरपूलचे प्रेक्षक तपासणीच्या चिंचोळ्या वाटांत अडकले, चेंगरले, वर अश्रुधूर. सरकारने बनावट तिकिटांकडे बोट दाखवलं. पुढे युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, नेमलेल्या स्वतंत्र समितीने मुख्य जबाबदारी युएफावरच टाकली. म्हणजे बंदोबस्तानेही माणूस जिवावर बेतण्याइतका अडकू शकतो. आमची रांग मात्र सरकत होती. ऑलिंपिकवाल्यांनी धडा घेतला होता, हे मान्य करायला हवं.

खरा वाद यादीच्या पुढच्या भागावर. स्पर्धेत नसलेल्या देशांचे झेंडे नकोत, राजकीय मजकुराचे फलक नकोत.

"झेंड्याने कोण मरतं?" मी विचारलं.

"तिकीट हा करार आहे. अटी मान्य करून घेतलंयस ना?"

"करार आयोजकांशी. मग पोलीस कशाला उभे आहेत?"

यावर तो हसला फक्त.

आठवड्याभरापूर्वीच, बॅडमिंटनच्या सामन्यात एका प्रेक्षकाच्या हातातला हिरवा फलक हिसकावला गेला होता. त्यावर तैवानला प्रोत्साहन देणारे शब्द, बस. १९८१च्या करारानुसार तैवान 'चायनीज तैपेई' म्हणून खेळतो, त्याचा स्वतःचा झेंडा स्टेडियमात चालत नाही. तैवान सरकारने निषेध केला. दोनच दिवसांनी त्यांच्या पुरुष जोडीने चीनला हरवून दुहेरीचं सुवर्ण घेतलं! उलट पॅलेस्टाईनचा झेंडा चालतो, कारण त्यांच्या ऑलिंपिक समितीला १९९५पासून मान्यता आहे. फ्रान्सने मात्र २०२४मध्ये त्या देशाला मान्यता दिलेली नव्हती. स्टेडियमचा नकाशा परराष्ट्र खात्याच्या नकाशाशी जुळत नाही, तो आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा असतो. भाऊ म्हणतो, कुठेतरी रेघ मारावीच लागते. लागत असेल. पण जीव वाचवणारी आणि आयोजकांची अडचण वाचवणारी अशा दोन याद्या एकाच कागदावर छापल्या की दुसरीलाही पहिलीचा मान मिळतो, आणि फलक हिसकावणाराही सुरक्षारक्षकच वाटू लागतो. माझं भांडण एवढ्याशीच.

दारावरच्या मुलीने माझा तिरंगा उलगडला, दोन्ही बाजू पाहिल्या, घडी घालून परत दिला. मागच्या पाकिस्तानी पोरांचा झेंडाही तसाच.

आत गेल्यावर गंमत. बाहेर साधा चाकू चालत नाही आणि इथे आठशे ग्रॅमचे भाले उडतायत. नीरजची सहापैकी एकच फेक वैध ठरली, ८९.४५ मीटर. पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ टाकून ऑलिंपिक विक्रम केला. दोन्ही झेंडे शेजारीशेजारी नाचत होते, कुणाला काही झालं नाही.

परतताना भावाने खांबावरचा कॅमेरा दाखवला. मे २०२३च्या ऑलिंपिक कायद्याने गर्दी, बेवारस सामान, आग वगैरे संगणकाकडून हेरायला प्रायोगिक परवानगी दिली होती. चेहरा ओळखायला मनाई, मुदत ३१ मार्च २०२५. "झेंड्यावर काय भांडतेस," तो म्हणाला, "झेंडा घरी नेता येतो. हे इथेच राहणार." उद्घाटनाआधी सीन नदीकाठच्या सुरक्षापट्ट्यात राहणाऱ्यांना स्वतःच्या घरी जायलाही क्यूआर कोड दाखवावा लागत होता, त्या रहिवाशांतला एक हा. तेव्हा मला त्याचं बोलणं वकिली अतिरेक वाटलं.

मुदत संपायच्या सुमारास ती वाढवायचा प्रयत्न झालाच. एप्रिल २०२५मध्ये कायदे घटनेत बसतात का हे तपासणाऱ्या फ्रान्सच्या घटना परिषदेने तो रद्द केला. भावाने निकालाची बातमी पाठवली आणि खाली लिहिलं, "२०३०चं हिवाळी ऑलिंपिक आल्प्समध्ये आहे. पुन्हा आणतील बघ."