सुटला म्हणजे संपलं?

आज ठाण्यात पत्रकारितेच्या मुलांना जेसन रेझायानबद्दल सांगत होतो. वॉशिंग्टन पोस्टचा तेहरानमधला प्रतिनिधी. जुलै २०१४ मध्ये इराणच्या सरकारी यंत्रणेने त्याला घरातून उचललं, पत्नीलाही. पुढे हेरगिरीचा खोटा आरोप. एविन तुरुंगात ५४४ दिवस! जानेवारी २०१६ मध्ये सुटका.

"मग संपलं ना, सर?" मागच्या बाकावरून एकीने विचारलं.

नाही गं. दीड वर्ष दाराची कडी दुसऱ्याच्या हातात असली, की घरी आल्यावरही झोप सहज परत येत नाही. आणि गुन्हा काय, तर बातम्या दिल्या. फार राग येतो.

परतताना कोर्ट नाक्यावरून जेलच्या भिंतीकडेने चाललो. फाटकाबाहेर एक आजी उभ्या होत्या, पिशवीत घडी घातलेला पंचा. मुलीचा प्रश्न अजून डोक्यात आहे.