शाल-श्रीफळाच्या आधी पीपीओ

14 जानेवारीला माजी सैनिक दिन असतो. फील्ड मार्शल करिअप्पा 1953 साली याच तारखेला निवृत्त झाले. त्याशिवाय 7 डिसेंबरचा ध्वजदिन आणि 26 जुलैचा कारगिल विजय दिवस. या तारखा जवळ आल्या की हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांना शेवटच्या दिवसांत सांभाळणारं केंद्र, चालवणाऱ्यांना आपल्याकडचे फौजी आठवतात. शाल येते, नारळ येतो, फोटोवाला येतो, आणि लघवीची पिशवी फोटोत दिसू नये म्हणून कुणीतरी घाईघाईने चादर ओढतं. सत्काराला हरकत नाही. पण त्याच माणसाच्या पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या मूळ कागदावर, बायकोचं नाव चुकलेलं असेल आणि ते कुणी पाहिलंच नसेल, तर त्या शालीचा त्या बाईला काडीचा उपयोग नाही.

सातारा, सांगली, कोल्हापूर हा भरतीचा पट्टा. साताऱ्याजवळच्या एका गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी. अशा भागात हॉस्पिस किंवा घरपोच पॅलिएटिव्ह (त्रास कमी करणारी) सेवा चालवायची तर दाखल करून घेतानाच्या फॉर्मपासून सुरुवात करावी. 'व्यवसाय' या रकान्यात घरचे 'शेती' लिहितात आणि ते खोटंही नसतं. शिपाई पंधरा-सतरा वर्षं नोकरी करून चाळिशीच्या आत घरी येतो, मग शेती करतो, नाहीतर बँकेच्या नाहीतर कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत उभा राहतो. म्हणून सरळ विचारावं: फौजेत होता का? पलटण कुठली? आर्मी नंबर काय? पेन्शन येते का? ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड आहे का? बाई दाखल होत असेल तर नवरा फौजेत होता का, हेही विचारावं. ती फॅमिली पेन्शनर असू शकते.

आता पीपीओ. म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर. तो आणि फौज सोडताना मिळालेलं डिस्चार्ज बुक पहिल्या आठवड्यातच मागून घ्यावं, झेरॉक्स काढावी आणि मूळ कागद घरच्यांना तिथल्या तिथे परत द्यावेत. मग आधार कार्ड शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघावं. घोळ ठरलेले असतात. पलटणीच्या कागदावर बायकोचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. एकीकडे 'शेवंता', दुसरीकडे 'शेवंताबाई'. इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठे व्ही, कुठे डब्ल्यू. जन्मतारखेच्या जागी नुसतं साल. पहिली बायको वारली, दुसरं लग्न झालं, आणि ते रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे पलटणीचे कागद ठेवणाऱ्या कार्यालयाला, कळवलंच नाही, हा सगळ्यात वाईट प्रकार.

ही दुरुस्ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत त्या-त्या रेकॉर्ड ऑफिसकडे जाते. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. प्रतिज्ञापत्र, दोघांचा एकत्र फोटो, आधार, लग्नाचा पुरावा असे कागद लागतात. फाइल फिरायला महिने जातात. आपल्याकडे आलेल्या माणसाजवळ महिने असतातच असं नाही, म्हणून तो शुद्धीवर आहे, सही किंवा अंगठा देऊ शकतो, तेव्हाच अर्ज निघाला पाहिजे. शेवटच्या दोन दिवसांत बेशुद्ध माणसाचा अंगठा कागदावर टेकवायला नातेवाईक सांगतात. नर्सने स्पष्ट नाही म्हणावं. तो गुन्हा आहे, आणि पुढे भावाभावांत भांडण लागलं की तोच कागद कोर्टात जातो.

त्याच बैठकीत हयातीचा दाखला बघावा. माणूस अंथरुणाला खिळला की वर्षाचा दाखला राहून जातो आणि पेन्शन थांबते. शेतात राबलेल्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत, दहा वेळा अंगठा लावून म्हातारा कंटाळतो. मोबाइलवर चेहऱ्याने जीवनप्रमाण, म्हणजे डिजिटल हयातीचा दाखला, काढता येतं. खिडकीजवळ, उजेडात, डोळे उघडे असताना. पाच मिनिटांचं काम आहे, हॉस्पिसच्या समाजसेविकेला हे आलंच पाहिजे. ईसीएचएस कार्डाचं मात्र आधी नीट समजून घ्यावं. तुमची संस्था त्या योजनेच्या पॅनेलवर असेल तर पॉलिक्लिनिकचं रेफरल हवं. पॅनेलवर नसाल तर तेही पहिल्याच दिवशी सांगून टाकावं, बिल हातात पडल्यावर नव्हे.

प्रत्येक माजी सैनिकाला पेन्शन असतेच असं नाही. थोडी वर्षं नोकरी करून बाहेर पडलेल्यांना ती नाही. 65 वर्षांवरच्या, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या, पेन्शन नसलेल्या गरजू माजी सैनिकाला आणि त्याच्या विधवेला पेनरी ग्रँट मिळू शकते. नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांसाठी ती महिना 8,000 रुपये आहे. अर्ज याच सैनिक कल्याण कार्यालयातून जातो.

कागद झाले, आता दुखणं. फौजीला 'दुखतंय का?' विचारलं की उत्तर येतं, 'ठीक आहे साहेब.' डॉक्टर समोर आला की तो उशीवरून मान उचलून सावधान होतो. शून्य ते दहा विचारलं तर 'दोन' म्हणतो, आणि रात्रभर कुशीवर वळलेला नसतो. म्हणून प्रश्न बदलावा. रात्री किती वाजता जाग आली? संडासला बसताना काय होतं? रुपयात किती दुखतं, चार आणे की बारा आणे? जुन्या माणसाला आण्यांचा हिशेब पटकन कळतो. बायकोला वेगळं विचारावं, ती खरं सांगते.

मॉर्फिनचं, म्हणजे तीव्र दुखण्यावरच्या औषधाचं, नाव काढलं की गडबड होते. फौजेत मॉर्फिन म्हणजे जबर जखमीला टोचायचं इंजेक्शन, ही आठवण पक्की असते, त्यामुळे गोळी दिली की 'आता माझी वेळ आली' असा अर्थ निघतो. वयस्कर माणसाला सुरुवात 2.5 ते 5 मिलिग्रॅमने, दर 4 तासांनी, आणि पोट साफ होण्याचं औषध पहिल्याच दिवसापासून. गोळ्या बंद करण्याचं कारण बहुतेक वेळा मळमळ किंवा बद्धकोष्ठ असतं, आणि दोन्ही टाळता येतात. अमली पदार्थांच्या कायद्यातल्या 2014 च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थेला तोंडी मॉर्फिन ठेवणं सोपं झालंय. ती मान्यता नसलेल्या हॉस्पिसने आधी ती घ्यावी, बॅनर नंतर छापावा.

दारूबद्दल लाजत विचारू नये. कँटीनची रम, रोज किती पेग, शेवटचा कधी? रोज घेणारा दाखल झाला आणि एकदम बंद झाली, तर 48 ते 72 तासांत तो थरथरतो, घाम फुटतो, भिंतीवर माणसं दिसतात. 'शेवट जवळ आला' म्हणून लोक नातेवाईक गोळा करतात, प्रत्यक्षात ती दारू सुटल्याची वेळ असते आणि तिच्यावर इलाज आहे. सलाइनमधून ग्लुकोज लावण्याआधी थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) द्यावं. ज्याला संध्याकाळी एक पेग घेऊन झोप लागते आणि डॉक्टरांची हरकत नाही, त्याला तो द्यावा. हॉस्पिस आहे, व्यसनमुक्ती केंद्र नाही.

रात्रीच्या ग्लानीत कधीकधी जुनी ड्युटी परत येते. बोली मराठीवरून हिंदीवर जाते, कुणाला तरी 'रुक' म्हणून दरडावतो. अशा वेळी मागून खांद्याला हात लावू नये, अचानक दिवा लावू नये. समोर यावं, हुद्द्याने हाक मारावी: 'सुभेदार साहेब, मी नर्स आहे, तुम्ही साताऱ्यात आहात.' हात बांधू नयेत. आणि औषध देण्याआधी लघवी तुंबली आहे का आणि पोट साफ झालं आहे का ते बघावं, कारण बेचैनीचं मूळ अनेकदा तिथेच असतं. तोफखान्यातल्या माणसाला ऐकू कमी येतं. तो ऐकत नाही म्हणजे हट्टी आहे, असं समजू नये.

1971 ला विशीत असलेले आता सत्तरी ओलांडलेले. 1987 ते 1990 ला शांतिसेनेतून श्रीलंकेत गेलेले साठीच्या आसपास किंवा पुढे, आणि त्यांच्याबद्दल गावात कुणी फारसं विचारलेलं नाही. 'किती जणांना मारलंत?' हा प्रश्न स्वयंसेवकांना कायमचा बंद करावा. 'पोस्टिंग कुठे कुठे झालं?' एवढं पुरे. मग क्लार्क, ड्रायव्हर, आचारी यांनाही सांगण्यासारखं सापडतं. नाहीतर ते 'मी कुठं लढलो' म्हणून गप्प बसतात. अमेरिकेत हॉस्पिसमध्ये माजी सैनिकच येऊन रुग्णाच्या छातीवर छोटी पिन लावतात. आपल्याकडे त्यातलं घ्यायचं ते एवढंच की समोर पलटणीतला माणूस हवा. नगरसेवक नको. तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेला फोन केला तर त्याच रेजिमेंटचा कुणीतरी सहसा मिळतो. मेडल ट्रंकेत असतील, घरच्यांना शोधायला सांगावं. पश्चिमी स्टार, पूर्वी स्टार, संग्राम मेडल. रुग्णाला विचारूनच, आणि गाऊनवर नव्हे, त्याच्या स्वतःच्या सदऱ्यावर.

तिरंग्याबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण चूक प्रेमापोटी होते. पार्थिवावर राष्ट्रध्वज पांघरणं हे फक्त शासकीय, लष्करी किंवा केंद्रीय निमलष्करी दलांच्या इतमामातल्या अंत्यविधीसाठी आहे. हॉस्पिसने स्टोअरमधला झेंडा काढून आपल्या मनाने घालू नये. त्याऐवजी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला लगेच कळवावं आणि पुष्पचक्रासाठी कुणी येईल का ते विचारावं. लष्करी इतमाम मिळालाच तर केशरी पट्टा डोक्याकडे, आणि चितेआधी ध्वज काढून घ्यायचा.

त्या गडबडीत बायकोच्या हातात एक चिठ्ठी द्यावी, मोठ्या अक्षरात: 21 दिवसांत मृत्यूची नोंद, दाखल्याच्या पाच प्रती, पेन्शन खात्याला कळवणं, फॅमिली पेन्शनचा अर्ज, त्यांचं ईसीएचएस कार्ड जमा, तिचं चालू. आणि सगळ्यात वर, लाल पेनने: एटीएममधून त्यांची पेन्शन काढू नका. मृत्यूनंतर जमा झालेली रक्कम नंतर वसूल होते, आणि ती कापली जाते तेव्हा घरात दुसरा पैसा नसतो.