पन्हाळा ते पावनखिंड : कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी

‘पन्हाळा ते पावनखिंड ना? मळलेली वाट आहे, शाळेची पोरं चालतात,’ असं मला सांगणाऱ्या प्रत्येकाला वाटेवरच्या आंबेवाडीच्या पुढच्या चिखलात नेऊन उभं करावं, पाठीवर सॅकसकट.

मी १६६० च्या पन्हाळ्याच्या वेढ्यावर कादंबरी लिहितेय, महाराज वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले त्या रात्रीवर. कागदांचं थोडक्यात सांगते. या विषयासाठी पुण्याच्या पुराभिलेखागारात मुक्काम ठोकू नका. पेशवे दप्तर मुख्यतः अठराव्या शतकातलं. शिवभारत, सभासदाची बखर, जेधे शकावली (तारीखवार नोंदी) ही जुनी साधनं छापील मिळतात. शकावली ती रात्र जेमतेम दोन ओळींत उरकते. उरलेली पायांनीच भरावी लागते, आणि तीही आषाढात. हिवाळ्यात जाऊन आलेल्यांची वर्णनं मी आता वाचणार नाही.

पन्हाळ्याच्या राजदिंडी दरवाज्यातून उतरून म्हाळुंग्यावरून मसाई पठार. पठार सुरेख आहे, पुढे चला. कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी इथवर कुणीही येतं. खरी गंमत नंतर. आंबेवाडी, रिंगेवाडी, पाटेवाडी, मग सुकामाचा धनगरवाडा, म्हसवडे आणि पांढरपाणी. भातखाचरांचे बांध, मध्येच ओढा, मध्येच रान, आणि सगळीकडे लाल राड. पाय गुडघ्यापर्यंत जातो, वर येतो तो बुटाशिवाय. पुढे गेलेल्या ट्रेकिंग मोहिमेच्या शेकडो पायांनी वाटेचा पार काला केला होता. महागड्या बुटांचा शून्य उपयोग. वाडीतल्या एका आजोबांनी माझ्याकडे बघून एवढंच म्हटलं, ‘बूट काढा की बाई, बोटं रुतवून चाला.’ अनवाणी चालले तेव्हा कुठे चढ सुटला.

तिथेच माझी शंभर पानं बाद झाली. पालखी मी ‘वाऱ्यासारखी’ पळवली होती. इथे दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकत नाहीत. पालखीची लांब दांडी प्रत्येक वळणावर करवंदीच्या जाळीत अडकणार, पुढचा भोई घसरला की मागच्याच्या खांद्यावर सगळा भार येणार. खांदा बदलायला सपाट जागा कुठे, हे बघत चाला. तुमचे प्रसंग तिथेच घडतील. पाठलागावरच्या घोड्यांचंही तेच. खूर रुतले की संपलं.

आणि चांदणं लिहू नका. पौर्णिमा होती म्हणून सगळेच लिहितात. मी मुद्दाम पौर्णिमेलाच गेले, पठारावर रात्री बॅटरी बंद करून बराच वेळ उभी राहिले. ढगांमागून राखाडी उजेड झिरपतो. पुढच्या माणसाचा आकार दिसतो, जमीन दिसत नाही. पावसाच्या आवाजात दहा पावलांवरची हाक विरते. सहाशे माणसं एकमेकांना कशी धरून गेली असतील, हा माझ्या मते त्या रात्रीचा खरा प्रश्न आहे. कादंबऱ्यांना तो पडत नाही.

जळवांसाठी तंबाखू आणि मीठ फडक्यात बांधून न्या, ओढून काढू नका. रात्री करपेवाडीत किंवा आंबेवाडीत घरी सोय होते. आधी फोन करा, जेवणाचे पैसे न मागताही द्या.

खिंडीत लोखंडी जिना आहे, गर्दी आहे, सेल्फी आहेत. लढाईची जागा नेमकी हीच का, यावर अभ्यासकांत वाद आहे. माझं मत विचाराल तर कादंबरीकाराने त्यात पडू नये. खिंडीपेक्षा खिंडीपर्यंत पोचलेल्या माणसांची अवस्था लिहावी.

परतीचं मात्र लक्षात ठेवा. पांढरपाण्याला आमची दशा बघून एका जीपवाल्याने मलकापूरपर्यंतचे अडीच हजार सांगितले. देऊन टाकले, तेव्हा पाच हजारही दिले असते. तुम्ही जीप निघण्याआधीच ठरवा, भाडं बोलून घ्या, किंवा एसटीच्या वेळा मलकापूर डेपोत विचारून या. विशाळगडावर जायचं असेल तर तिथेच चौकशी करा. २०२४ च्या जुलैमधल्या दंगलीनंतर गडावर निर्बंध आले होते. आणि कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधा, एक पुरत नाही.