शेवटचं अक्षर बघा: आर की ई?

सर्व्हरची मेमरी वाढवायला मागवलेल्या आठ रॅम स्टिक खोक्यातून निघाल्या. प्रत्येकी ८ जीबी, डीडीआर३ पिढीची, १६०० चा वेग, ईसीसी (मेमरीतली चूक ओळखून सुधारणारी). मी मागवताना लिहिलेलं सगळं जुळत होतं. माझ्यासोबत काम करणाऱ्या मुलाने पहिली स्टिक स्लॉटवर धरून पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, खाच बरोबर बसतेय." आम्ही आठही बसवल्या, मशीन चालू केलं. मेमरीची मांडणी चुकल्याचा संदेश आला आणि ते तिथेच थांबलं.

जुनी एक स्टिक काढून टॉर्चच्या उजेडात लेबल वाचलं: ८ जीबी २आर×४ पीसी३एल-१२८००आर. नव्यांवर होतं पीसी३-१२८००ई. नडला तो शेवटच्या अक्षराचा फरक.

आर म्हणजे रजिस्टर्ड. स्टिकच्या मधोमध एक छोटी रजिस्टर चिप असते. पत्ते आणि आज्ञा तिच्यातून पुढे जातात, त्यामुळे मेमरी सांभाळणाऱ्या कंट्रोलरवरचा भार कमी होतो आणि एका चॅनलवर, म्हणजे प्रोसेसर ते मेमरी या एका वाटेवर, जास्त स्टिक लावता येतात. ई म्हणजे ईसीसी आहे, पण मध्ये रजिस्टर नाही. शेवटी एल असेल तर ती लोड रिड्यूस्ड, म्हणजे तिसराच प्रकार. काही सर्व्हर हे तिन्ही प्रकार घेतात, पण एका वेळी एकच. दोन प्रकार एकत्र चालत नाहीत. डीडीआर३ आणि डीडीआर४ मध्ये रजिस्टर्ड आणि साध्या स्टिकची खाच एकाच जागी असते, त्यामुळे खाच बघून काही कळत नाही. डीडीआर५ मध्ये ती जागा वेगळी केली आहे, आणि ते फार बरं झालं.

पीसी३ नंतरच्या एलचा अर्थ निराळा. ती स्टिक १.३५ व्होल्टवर चालते. नुसतं पीसी३ असेल तर १.५. दोन्ही मिसळल्या तर सगळ्या १.५ वर चालतात. काम अडत नाही, फक्त वीज थोडी जास्त लागते.

२आर×४ कडे लोक बघतच नाहीत, मी मात्र आता आधी तेच बघते. दोन रँक, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या चिपचे दोन गट, आणि प्रत्येक चिप ४ बिट रुंद. डेटाचे ६४ बिट आणि ईसीसीचे ८, असे ७२ बिट. म्हणजे एका रँकला १८ चिप, दोन रँकना ३६. आमच्या मशीनच्या पिढीत एका चॅनलवर आठच रँक चालतात. चार रँकच्या स्टिक घेतल्या तर दोनमध्येच ती मर्यादा संपते आणि तिसरा स्लॉट रिकामाच राहतो.

मशीन आहे डेलचा पॉवरएज आर७२० सर्व्हर. २४ स्लॉट, प्रत्येक प्रोसेसरला १२, आणि दर प्रोसेसरला चार चॅनल. आधी पांढऱ्या लॅचचे (स्टिक अडकवणाऱ्या खिटीचे) स्लॉट भरायचे, मग काळ्या, शेवटी हिरव्या. आमच्याकडे आठ पांढरे भरलेले होते, ६४ जीबी. आठ काळे भरले की १२८, आणि दोन्ही प्रोसेसरना समान वाटणी. हिरव्यांना हात लावायचा नाही असं मी आधीच ठरवलं होतं, कारण चॅनलवर तिसरी स्टिक आली की वेग उतरतो. दुसरा प्रोसेसर बसवलेलाच नसेल तर त्याच्या बाजूचे बारा स्लॉट मेलेलेच धरा.

खरं तर झाकण न उघडताही हे कळलं असतं. लिनक्सवर रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) होऊन डीएमआयडीकोड या कमांडला मेमरीची माहिती विचारली की प्रत्येक स्लॉटची नोंद येते: भाग क्रमांक, रँक, आणि स्टिक रजिस्टर्ड आहे का. एकूण रुंदी ७२ आणि डेटाची ६४ दिसली की ईसीसी आहे. मी मागवायच्या आधी हे पाहिलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. महिनाअखेरच्या रिपोर्टसाठी लोक ताटकळत होते आणि माझ्या घाईने त्यांचा आणखी एक आठवडा गेला.

दुसऱ्या वेळी जुन्या स्टिकच्या लेबलचा फोटो ऑर्डरसोबत जोडला. आल्यावर दोन्ही पॉवर केबल काढल्या, मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधला, आठही काळ्या स्लॉटांत बसवल्या. १२८ दिसले. रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे मेमरीची चाचणी, चालवली. सकाळी ए६ या स्लॉटवर दुरुस्त झालेल्या चुका नोंदल्या होत्या. ईसीसी एका बिटाची चूक जागच्या जागी सुधारते, म्हणून मशीन चालत राहतं आणि ही नोंद बघायची राहून जाते. ए६ मधली स्टिक ए७ मध्ये टाकली. चुकाही ए७ ला गेल्या. म्हणजे दोष स्टिकचा, स्लॉटचा नाही. ती बदलून घेतली.

चुकून आलेल्या ई स्टिकपैकी चार कोपऱ्यातल्या झिऑन ई३ प्रोसेसरच्या टॉवर सर्व्हरला लागल्या. तो ई प्रकारच मागतो, चारच स्लॉट आहेत आणि ३२ जीबीच्या पुढे जात नाही. बॅकअप तिथे चालतो. उरलेल्या चार लेबल वर दिसेल अशा ठेवून कपाटात ठेवल्या आहेत.